आतून तपासणी शिकवायची आहे? आधी पडदा नीट लावा

नव्यानं रुजू झालेल्या असिस्टंट प्रोफेसरच्या किंवा सीनियर रेसिडेंटच्या गळ्यात पहिल्याच आठवड्यात दहा-बारा मुलांची बॅच पडते. "यांना पीव्ही, स्पेक्युलम, ब्रेस्ट दाखवून टाका." (पीव्ही म्हणजे योनीतून बोटांनी केलेली तपासणी, स्पेक्युलम म्हणजे योनी उघडून आत बघायचं हत्यार.) दाखवून टाका! कसं ते कुणी सांगत नाही. मग आपल्याला जसं दाखवलं गेलं तसंच आपण दाखवतो. आपल्याला बहुधा वाईटच दाखवलेलं असतं.

मी स्त्रीरोग विभागात शिकवते, कोकणात. आता इथे वैद्यकीय महाविद्यालयं आली आहेत. अलिबागला आणि सिंधुदुर्गात शासकीय महाविद्यालय सुरू झालं, २०२३ मध्ये रत्नागिरीला झालं, आणि सावर्डे-डेरवणचं त्याच्याही आधीपासून आहे. विद्यार्थी लातूर-नांदेडचे, नागपूरचे, ऑल इंडिया कोट्यातून आलेले राजस्थानचे, केरळचे. पेशंट मात्र इथल्याच वाड्यांमधले. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात पेशंट गर्दीत हरवून जाते. इथे तसं होत नाही. ड्यूटीवरची सिस्टर तिच्या जावेच्या माहेरची निघते आणि ज्या खानावळीत विद्यार्थी जेवतात ती खानावळ तिच्या चुलतबहिणीची असते. म्हणून पुढचं सगळं या किनाऱ्यावर शिकवणाऱ्यांसाठी लिहिलं आहे. इतरांना उपयोग झाला तर उत्तमच.

पडदा, चादर, लाइट

रुजू झालात की पहिल्या दिवशी तपासणीच्या टेबलावर स्वतः आडवं होऊन बघा. दोन मिनिटं पुरतात. पडदा कुठे अपुरा पडतो, दार उघडलं की काय दिसतं, छताला काय लोंबतंय, सगळं कळतं. मी झोपून पाहिलं तेव्हा टेबलाचा पायथा थेट दाराकडे होता. दोन वॉर्डबॉय आणि दहा मिनिटं, एवढ्यावर टेबल फिरलं. त्यासाठी ना निधी लागला, ना प्रस्ताव.

पावसाळ्यात इथे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून चार्ज केलेला टॉर्च टेबलाशेजारी हवाच. मोबाइलचा टॉर्च चुकूनही वापरू नका. आपल्या पायांकडून मोबाइल रोखलेला दिसला की कॅमेरा बंद आहे की चालू हे त्या बाईला कळायला काही मार्ग नसतो. आमच्याकडे खोलीबाहेर एक स्टीलचा ट्रे आहे. शिक्षकांसकट सगळ्यांचे फोन त्यात जातात.

चादर प्रत्येकीला वेगळी आणि धुतलेली द्या. तिचं एक टोक तिच्याच हातात राहू द्या. साडी सोडायला लावू नका, वर घेतली की पुरतं. कपडे उतरवायला सांगणं आणि साडी वर घ्यायला सांगणं यात तिच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक आहे. लघवी करून यायला आठवणीनं सांगा. भरलेलं मूत्राशय विद्यार्थ्याला गाठीसारखं लागतं आणि तिला दुखतं ते वेगळंच. बाथरूम कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला असेल तर तेवढा वेळ धरूनच क्लास लावा.

मॅनिकिनशी बोला

२०१९ च्या बॅचपासून आपल्याकडे सक्षमताधारित अभ्यासक्रम आला, स्किल लॅब आल्या आणि ‘डीओएपी’ आलं. म्हणजे आधी दाखवायचं, मग बघायचं, मग मदत करायची आणि शेवटी स्वतः करायचं. कागदावर या चार पायऱ्या आहेत. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी पहिलीवरून उडी थेट चौथीवर पडते. मधल्या दोन पायऱ्यांतच खरं शिकणं होतं, त्या गाळू नका.

मॅनिकिनवर, म्हणजे सरावासाठीच्या रबरी पुतळ्यावर, माझा एकच नियम आहे. ते मुकं नाही. विद्यार्थ्यानं त्याला नाव द्यायचं, स्वतःची ओळख सांगायची, परवानगी मागायची आणि प्रत्येक हालचालीआधी बोलायचं. पहिल्या दिवशी सगळे खिदळतात, त्यांना खिदळू द्या. ते हसू लाजेचं आहे आणि ते इथेच संपलेलं बरं. दुसऱ्या दिवशी हसू नसतं. तिसऱ्या दिवशी एखादी मुलगी रबराच्या त्या कमरेला "मावशी, थोडं गार लागेल हं" असं इतकं सहज सांगून जाते की पुढे वॉर्डात तिची काळजी उरत नाही.

हत्यारांची सवयही इथेच व्हावी. कस्को स्पेक्युलम एका हातात कसा धरायचा, स्क्रू कुठे थांबवायचा, आणि मुख्य म्हणजे तो ‘कट्’ असा आवाज. आतून तो आवाज आला की बाई दचकते. त्यामुळे "आता आवाज येईल, काही तुटलेलं नाही" हे वाक्य हाताच्या हालचालीइतकंच पाठ हवं. मी मुलांना जोडीनं बसवते. एकानं मूठ सैल वळायची, दुसऱ्यानं स्पेक्युलम बंद करून तिच्यात घालायचा, फिरवायचा, उघडायचा. चामडी चिमटीत सापडली की मूठवाला ओरडतो. पुढे वर्षभर त्याच्या हातून कुणाला चिमटा बसत नाही.

आता शब्द. ही बाब पुस्तकात नाही आणि परप्रांतातल्या मुलांना तर अजिबात माहीत नसते. इथल्या बायका ‘डिस्चार्ज’ म्हणत नाहीत, "अंगावरून पांढरं जातं" म्हणतात. गर्भाशय खाली सरकलं असेल तर "अंग बाहेर येतं". दुखणं "ओटीपोटात" असतं. पाळी म्हणजे "बाहेरची". म्हाताऱ्या बायका तर नुसता हात खाली दाखवून "थंय" एवढंच म्हणतात. त्या ‘थंय’चा अर्थ तीन-चार प्रश्नांत, पण हळू आवाजात, काढायला शिकवा.

आपले शब्दही तपासा. "पाय फाक" हे मी अजून ऐकते. त्याऐवजी "गुडघे बाजूला सैल सोडा". "रिलॅक्स, रिलॅक्स" म्हणून आजवर कुणी रिलॅक्स झालेलं नाही. "बूड टेबलाला टेकू द्या, तोंडानं श्वास सोडा" असं नेमकं काहीतरी सांगा. बघून झाल्यावर "छान", "मस्त" असले शब्द नकोत. "सगळं नेहमीसारखं दिसतंय" म्हटलं की झालं. "काही होणार नाही" हे तर कधीच नको. होतं. दाब लागतो, कधी दुखतं. जे होणार ते सांगा.

विचारणं

इथे मी वेळ घेणार आहे, कारण सगळं इथेच बिघडतं.

सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात सांगितलं की एका प्रक्रियेला दिलेली संमती दुसरीला लागू होत नाही. ते प्रकरण शस्त्रक्रियेचं होतं. पण शिक्षक म्हणून मी त्यातून एवढं घेते की, "मला तपासा" याचा अर्थ "मला तपासून शिका" असा होत नाही. केसपेपर काढताना अंगठा घेतलेल्या छापील फॉर्मवर ‘हे शिकवणारं रुग्णालय आहे’ अशी ओळ असते, ती या कामाला पुरत नाही.

मग विचारायचं कसं? ती पूर्ण कपड्यांत असताना, खुर्चीवर बसलेली असताना आणि मुलं खोलीत नसताना विचारायचं. टेबलावर आडवी झालेली, पाय वर घेतलेली बाई कशालाच नाही म्हणू शकत नाही. अॅप्रन घातलेली दहा मुलं भिंतीला टेकून उभी असतील तर तिथे विचारण्याला काही अर्थच उरत नाही. मी साधारण असं बोलते:

"काकी, तुमची तपासणी मी करणार आहे. माझ्याबरोबर एक मुलगी शिकायला आहे, पुढे डॉक्टर होणार. माझी तपासणी झाल्यावर तिनंही एकदा तपासलं तर चालेल का? तपासणी दोनदा होईल, दोन मिनिटं जास्त जातील. तुमच्या उपचाराला त्याची गरज नाही, ते तिच्या शिकण्यासाठी आहे. नको म्हटलंत तरी डॉक्टर मीच, औषध तेच, नंबरही तोच. मध्येच नको वाटलं तर नुसता हात वर करा, ती थांबेल."

यातलं "तुमच्या उपचाराला त्याची गरज नाही" हे वाक्य नवे शिक्षक हमखास गाळतात. ते गाळलं की बाईला वाटतं, दुसऱ्यांदा तपासतायत म्हणजे काहीतरी मोठं निघालं असणार.

उत्तर काय येतं? दहात सात वेळा "तुमका काय करूचा ता करा." नवा माणूस याला होकार समजतो. तो होकार नाही. मोठ्या माणसापुढे, डॉक्टरपुढे मान तुकवायची सवय आहे ती. अशा वेळी मी प्रश्न उलटा करते. "आज एकट्या मीच तपासू, की तिलाही बोलवू?" दोन्ही वाटा तिच्यासमोर सारख्या ठेवल्या की खरं उत्तर येतं. पुष्कळदा ते असं असतं: "तुमीच बघा. पोरगी नंतर." किंवा "पोरगी चलात, पोरगो नको." हे उत्तर शंभर नंबरी. त्यावर वाटाघाटी करायच्या नाहीत. "अहो काकी, मुलंसुद्धा डॉक्टरच असतात" वगैरे पटवापटवी मी स्वतः पूर्वी केली आहे. आता करत नाही. पुरुष विद्यार्थ्यांना संधी कमी मिळते हे खरं आहे. त्यावर उपाय जास्त बायकांना विचारणं हा आहे, एकीला जास्त वेळा विचारणं हा नाही.

सोबत सासू असते. नवरा मुंबईत चाकरमानी किंवा बोटीवर खलाशी. सासू म्हणते, "होय होय, तपासा." सासूची संमती चालत नाही, फोनवरच्या नवऱ्याचीही नाही. सासूबाईंना आदरानं बाहेर बसवा, चहा कुठे मिळतो ते सांगा आणि मग सुनेला विचारा. त्याच एकांतात दुसरा एक प्रश्नही उरकून घ्या. शरीरसंबंध आलेला नसेल तर आतून तपासणी आणि स्पेक्युलम टाळायचा असतो. पण त्यासाठी "लग्न झालंय का?" हा प्रश्न कुचकामी आहे. लग्न झालेलं असणं आणि संबंध आलेला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही बाजूंनी. हे आईसमोर विचारलंत तर उत्तर आईसाठी मिळेल.

आणि ‘नको’ आलं तर? मी विद्यार्थिनीला तरीही आत बोलावते, पण फक्त ओळखीपुरतं, आणि तेही बाईला विचारून. "काकी आज नको म्हणाल्या. ठीक आहे. तू बाहेर थांब." मुलीनं "धन्यवाद काकी, येते" म्हणून बाहेर पडायचं. माझा चेहरा, माझा आवाज, केसपेपर आपटला की अलगद ठेवला, हे सगळं ती मुलगी त्या दहा सेकंदांत बघते. पुढची तीस वर्षं तिच्यासमोर ‘नको’ आला की ती हेच करेल.

एक व्यावहारिक अडचण आमच्याकडे नेहमी येते. छोट्या रुग्णालयात पेशंट कमी आणि बॅचेस जास्त. अंग बाहेर येणारी एखादी आजी ऑपरेशनची तारीख लागेपर्यंत दोन आठवडे वॉर्डात असते. स्वभावानं गोड, कुणालाही नाही म्हणत नाही. मग प्रत्येक युनिटची प्रत्येक बॅच तिच्याकडे! यासाठी वॉर्डात एक साधी वही ठेवा. बेड नंबर, तारीख, कुणी तपासलं. एका भरतीत शिकण्यासाठी दोनच तपासण्या, तिसरी नाही, ती ‘होय’ म्हणाली तरी नाही. गणपतीच्या दिवसांत वॉर्ड ओस पडतात, तेव्हा तर ही वही सिस्टरच्या ताब्यात असावी. विद्यार्थ्यांच्या नकोच.

सोबत कोण

पुरुष डॉक्टर स्त्रीला तपासत असताना दुसरी स्त्री हजर हवी, हे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या रुग्णहक्कांच्या सनदेत आहे. माझ्या मते शिकवताना शिक्षिका स्त्री असली तरी तिसरी व्यक्ती हवीच, कारण शिक्षिकेचं लक्ष विद्यार्थ्याच्या हाताकडे असतं. बाईच्या चेहऱ्याकडे कुणीतरी बघायला हवं. म्हणून सोबतीण उशाशी उभी करा, पायथ्याशी नाही. बॅचमधली दुसरी मुलगी सोबतीण होऊ शकत नाही. तीही शिकायलाच आलेली असते.

आणि हळूच विचारा, "या सिस्टर चालतील ना?" मघाशी म्हटलं ते जावेचं माहेर इथे आडवं येतं. एकदा एका बाईनं केवळ सोबतीला उभी राहिलेली मावशी तिच्याच वाडीतली होती म्हणून तपासणी न करताच शेवटची एसटी पकडली होती. विद्यार्थीच तिच्या गावचा निघाला तर त्याला न विचारताच दुसरीकडे पाठवा.

आता हात

आधी तुम्ही तपासा, मग विद्यार्थी. तुमचं निदान आधी झालेलं असलं की विद्यार्थ्याला काय सापडायला हवं ते तुम्हाला ठाऊक असतं आणि तो आत चाचपडत बसत नाही.

स्पेक्युलम कोमट पाण्यात बुडवून आधी मांडीच्या आतल्या बाजूला टेकवायचा. गार लागला तर तिथेच कळतं. बंद पाती तिरकी धरून, मागच्या बाजूला म्हणजे पाठीच्या कण्याच्या दिशेनं उतरती न्यायची. नवशिके सरळ आडवी ढकलतात किंवा वर दाबतात. वर मूत्रमार्ग आहे आणि तिथला दाब सगळ्यांत जास्त झोंबतो. पूर्ण आत गेल्यावर फिरवायचा आणि मगच हळूहळू उघडायचा. काढताना गर्भाशयाचं तोंड पात्यांमधून सुटल्याशिवाय मिटायचा नाही. पाळी गेलेल्या बायकांना लहान आकाराचा घ्या, जेली पुरेशी लावा. अंग बाहेर येत असेल तर डाव्या कुशीवर वळवून सिम्स स्पेक्युलम, आणि खोकायला सांगायचं.

दोन हातांच्या तपासणीत नवखा माणूस सगळं आतल्या बोटांनीच शोधायला जातो. खरं तर शोधतो तो पोटावरचा हात. आतली बोटं फक्त आधार देतात. मी विद्यार्थ्याचा पोटावरचा हात स्वतः धरून खाली-वर सरकवते आणि तोंडानं विचारत राहते: "आकार? पुढे झुकलंय की मागे? हलतंय? हलवल्यावर काकींचा चेहरा बघ." शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. गर्भाशयाचं तोंड हलवल्यावर होणारी वेदना चेहऱ्यावर आधी दिसते, शब्दांत नंतर येते. अंगठा कुठे आहे याकडे तुमचं लक्ष असू द्या. तो पुढच्या नाजूक भागावर टेकतो आणि विद्यार्थ्याला पत्ताही नसतो. एका विद्यार्थ्याला एक मिनिट पुरतं. सापडलं नाही तर नाही. "परत एकदा ट्राय करू का?" याला माझं उत्तर कायम नाही असंच असतं.

स्तनांची तपासणी त्या मानानं सोपी समजली जाते, पण उरकली जाते तीच जास्त. आधी बसवून बघा, हात कमरेवर आणि डोक्यावर घेऊन. मग झोपवून. एका वेळी एकच बाजू उघडी, दुसरी पदराखाली. मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, टोकांनी नाही. आधी हलका, मग मध्यम, मग खोल दाब. आणि ओळीनं. मुलांना मी भाताच्या लावणीची आठवण देते: एक ओळ वरून खाली, शेजारची ओळ खालून वर, मध्ये मोकळी जागा नाही, गळपट्टीच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत. काखेत हात घातल्याशिवाय तपासणी संपत नाही. लातूरच्या एका मुलाला लावणी माहीत नव्हती. "सर्‍या" म्हटल्यावर त्याला बरोबर कळलं.

केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी व्हायला हवी. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांवर शिबिरं होतात. गर्भाशयमुखाला तीन ते पाच टक्के अॅसिटिक अॅसिड लावून एक मिनिट थांबायचं आणि पांढरा डाग उठतो का बघायचा. विद्यार्थ्यांना तिथे जरूर न्या, पण फक्त बघायला. बाहेर साठ बायका उन्हात ताटकळत असताना कुणालाही नीट विचारणं होत नाही आणि नीट शिकवणंही होत नाही.

लेबर रूम

सगळ्यांत जास्त पीव्ही इथे होतात आणि सगळ्यांत कमी परवानगी इथेच घेतली जाते.

मी रेसिडेंट होते तेव्हाची गोष्ट, रुग्णालयाचं नाव सांगत नाही. पहिलटकरीण होती. आमच्यापैकी चौघांनी ओळीनं बोटं घातली. गर्भाशयाचं तोंड ‘किती सेंटिमीटर’ उघडलंय ते प्रत्येकाला बघायचं होतं. मी चौथी. माझा नंबर आला तेव्हा तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं आणि टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती. मी ‘सहा’ म्हटलं, सर ‘बरोबर’ म्हणाले, मला आनंद झाला. तिच्याशी एक शब्दही न बोलता मी हातमोजे काढले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींप्रमाणे सगळं सुरळीत असेल तर कळांच्या सक्रिय टप्प्यात साधारण चार तासांनी एकदा आतून तपासणी पुरते. पाणी फुटलं असेल तर प्रत्येक जादा तपासणीनं जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणजे इथे जादा तपासणी नुसती अपमानाची नाही, अपायाची आहे. म्हणून नियम असा: ज्या तपासणीची वेळ झालेलीच आहे ती विद्यार्थ्यानं करायची आणि तुम्ही खात्री करायची. दोघांची मिळून एकच वेळ. विचारायचं ते भरती होताना, कळा सौम्य असताना. आणि दोन कळांच्या मध्ये पुन्हा एकदा. कळ चालू असताना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर धरायचं नाही. शेवटच्या महिन्यांत रक्तस्राव होत असेल आणि वार (प्लासेंटा) खाली नाही याची खात्री झालेली नसेल तर कुणीच बोट घालायचं नाही, शिकायलाही नाही, शिकवायलाही नाही.

भूल दिलेली बाई

स्नायू सैल असतात, सगळं सहज हाताला लागतं, म्हणून इथे शिकवण्याचा मोह अनावर होतो. न्यूझीलंडमध्ये १९८८ च्या कार्टराइट चौकशी अहवालात, भुलेखालच्या बायकांना न विचारता शिकण्यासाठी तपासलं जात होतं, हे बाहेर आलं आणि मोठा गदारोळ झाला. अमेरिकेच्या केंद्र सरकारनं तर २०२४ मध्ये रुग्णालयांना स्पष्ट शब्दांत सांगितलं की अशा तपासणीला वेगळी संमती हवी. इतकी वर्षं लागली!

तुम्ही एवढंच करा. आदल्या संध्याकाळी वॉर्डात जाऊन विचारा. विद्यार्थिनीला सोबत न्या, बाईला तिचं तोंड दिसू द्या. होकार केसपेपरवर लिहा, विद्यार्थिनीच्या नावासह. ऑपरेशन थिएटरमध्ये ऐन वेळी आलेल्या दुसऱ्या कुणालाही "ये, तूही बघ" नाही.

पुरुष पेशंट

हा भाग सर्जरीवाल्यांचा आहे, पण बॅच तीच असते म्हणून लिहिते. पुरुषांना लाज नसते असं आपण का धरून चालतो देव जाणे. जांघेतली गाठ, अंडवृद्धी वर्षानुवर्षं लुंगीखाली लपवून नाव हाकणारे लोक आहेत इथे. विद्यार्थिनी तपासणार असेल तर त्यांनाही तसंच विचारा, तसाच पडदा लावा, तसाच सोबती द्या.

गुदमार्गाची तपासणी डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. भरपूर जेली लावून बोटाचं पेर आधी नुसतं गुदद्वाराशी टेकवून ठेवायचं, स्नायू आपोआप सैल होतो, मगच आत. बोट बाहेर आल्यावर त्याच्यावर काय आलंय ते बघायचं, रक्त की काळी शी. अंडकोशाच्या सुजेत दोन प्रश्न पुरतात: सुजेच्या वर बोटं पोचतात का, आणि टॉर्च लावला की उजळते का. वर पोचता येत नसेल तर हर्निया समजून चाला.

आणि एक गोष्ट मुलांच्या मनावर ठसवा. दहावी-अकरावीतला मुलगा ‘पोटात दुखतं’ म्हणून येतो, आईसमोर खरी जागा सांगत नाही. वृषणाला पीळ बसलेला असेल तर तो वाचवायला साधारण सहा तास हाताशी असतात. आईला बाहेर पाठवून, विचारून, खाली बघितलंच पाहिजे. संकोचापोटी न तपासणं ही सभ्यता नव्हे.

कुणावर शिकवायचं नाही

लहान मुलं. अत्याचार झालेल्या मुली आणि बायका. पोलिसांनी आणलेलं कुणीही. इथे वाटाघाटी नाहीत. अत्याचारानंतरची तपासणी प्रशिक्षित डॉक्टरनं, पीडितेच्या संमतीनं करायची असते. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो कायद्याप्रमाणे स्त्री डॉक्टरनं, पालकांच्या किंवा मुलीच्या विश्वासातल्या माणसाच्या उपस्थितीत. विद्यार्थ्यांना हे वर्गात, कागदावर शिकवा.

तिथेच ‘टू फिंगर टेस्ट’चं, म्हणजे अत्याचार झालेल्या बाईच्या योनीत दोन बोटं घालून केल्या जाणाऱ्या तथाकथित कौमार्य-तपासणीचं, काय झालं तेही सांगा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी ती बाद केली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरलं जाईल असं बजावलं आणि अभ्यासक्रम तपासायलाही सांगितलं. आपल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठानं ‘कौमार्याची लक्षणं’ हा भाग वगळायचं २०१९ मध्येच ठरवलं होतं. त्यामागे सेवाग्रामच्या न्यायवैद्यक अभ्यासकांचा पाठपुरावा होता. जुनी पुस्तकं ग्रंथालयात अजून आहेत, मुलं ती वाचतात. तेव्हा हे तोंडी सांगावंच लागतं.

झाल्यावर

पुसायला कापड द्या, टेबलावरून उतरायला हात द्या, मग सगळे बाहेर. ती कपडे नीट करून खुर्चीवर बसली की मगच निष्कर्ष सांगायचे. विद्यार्थिनीनं परत येऊन आभार मानायचे आणि एक प्रश्न विचारायचा: "मी काय वेगळं करायला हवं होतं?" पहिल्यांदा बायका लाजतात. नंतर सांगतात. "हात लय थंड होतो गे तुझो." "बोलत रवलंस ता बरा वाटला." परदेशात १९७० च्या दशकापासून यासाठी प्रशिक्षण घेतलेल्या, मानधन मिळणाऱ्या बायका स्वतःच्या शरीरावर ही तपासणी शिकवतात आणि विद्यार्थ्याला तिथल्या तिथे सुधारतात. आपल्याकडे ते रुजलेलं नाही. तोवर ही एका वाक्याची शिकवणी फुकट मिळते, ती सोडू नका.

बॅचशीही पाच मिनिटं बोला. एखाद्या मुलाचे हात थरथरलेले असतात, एखादीला स्वतःचं काहीतरी आठवलेलं असतं. ती त्या दिवशी तपासणार नसेल तर का म्हणून विचारू नका, नुसती दुसऱ्या दिवशीची वेळ द्या.

केसपेपरवर चार गोष्टी: कुणी विचारलं, काय उत्तर आलं, सोबत कोण होतं, कुणी तपासलं. लॉगबुकवर सही त्याच दिवशी. सत्राअखेरीस गठ्ठ्यानं सह्या मागायला येणाऱ्यांना परत पाठवा. बाईनं नको म्हटलं आणि विद्यार्थिनी नीट बाहेर पडली, तर त्यासाठी आमच्या लॉगबुकात रकाना नाही. मी समासात तारीख घालते, ‘विचारलं, नकार मिळाला, मान ठेवला’ असं लिहिते आणि खाली सही करते.